सोलापूरच्या उकाड्यात इटलीची स्वस्त लाल वाईन

माझी पहिली इटालियन बाटली मी प्यायलो नाही, मोरीत ओतली. गृहप्रवेशाला पुण्याच्या मित्राने दिलेली क्यांती नावाची लाल वाईन होती. फेब्रुवारीत आली, ‘चांगल्या प्रसंगाला उघडू’ म्हणून स्वयंपाकघरातल्या कपाटावर, थेट स्लॅबखाली जाऊन बसली आणि जूनच्या पहिल्या पावसाला खाली उतरली. तोवर बूच पेरभर वर आलं होतं, मानेवरचा लाल ओघळ वाळून काळा पडला होता, आणि बाटली हाताला चिकटत होती. घोटभर घेतली. चिंचेच्या कोळात गूळ टाकून पातेलं गॅसवर विसरावं, तशी चव. बायको म्हणाली, ‘‘हीच का ती इटली?’’

इटली नव्हती, आपला एप्रिल-मे होता. त्यानंतर बऱ्याच बाटल्या उघडल्या, आणि माझं मत पक्कं झालं की सोलापुरात साध्या वाईनचं वाटोळं दोनच गोष्टी करतात: ऊन आणि तिखट. द्राक्षाची जात, वाईन कुठल्या वर्षीची, ग्लासाचा आकार हे सगळं नंतर. ज्यांना पहिली बाटली घ्यायची आहे त्यांच्यासाठी, दुकानापासून ताटापर्यंत जे कळलं ते क्रमाने लिहितो.

स्वस्त म्हणजे कुठली स्वस्त

आधी गैरसमज काढू. इटलीत पाच-सहा युरोला किराणा दुकानात मिळणारी, रोजच्या जेवणाबरोबर पितात ती बाटली म्हणजे स्वस्त वाईन. आपल्याकडे परदेशी वाईनवर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क लागत आलं, वर वाहतूक, राज्याचे कर, दुकानदाराचा नफा. तीच बाटली इथे दीड-दोन हजारांच्या घरात जाते. किंमत महागाची असली तरी बाटली स्वभावाने साधीच आहे, हे लक्षात ठेवा. ती जपून मुरवायची नाही. तिला देव्हाऱ्यासारखं वागवलं की काय होतं ते वर सांगितलंच.

दुकानात

सगळ्याच दुकानांत इटालियन मिळत नाही. जिथे मिळते तिथे चार-पाच प्रकारांच्या पुढे निवड नसते, त्यामुळे डोकं फार खाजवावं लागत नाही. ही नावं ओळखीची असू द्या.

क्यांती. लिहिताना ‘च’चा भास होतो, पण उच्चार ‘क’चा. दुकानात चिआंटी म्हणालात तरी कुणी हसणार नाही. टस्कनी प्रांतातली वाईन, द्राक्ष मुख्यतः सांजोवेजे, नियमाने किमान ७० टक्के. या भागाच्या सीमा १७१६ साली तिथल्या मेदिची घराण्याच्या ड्यूकने आखून दिल्या होत्या. मानेवर काळ्या कोंबड्याचं चित्र असेल तर ती क्यांती क्लासिको, म्हणजे जुन्या मूळ पट्ट्यातली. थोडी महाग.

मोंतेपुल्चानो दाब्रुत्सो. नाव जिभेला जड आहे, वाईन मात्र अगदी सरळ. नवख्या माणसाला मी हीच सुचवतो: गडद, काळ्या फळांच्या चवीची, तुरटपणा सोसवेल इतकाच. इथे एक गोची आहे. मोंतेपुल्चानो हे द्राक्षाचं नाव आहे आणि टस्कनीतल्या एका गावाचंही. त्या गावची ‘व्हिनो नोबिले’ ही वेगळीच वाईन, ती सांजोवेजेपासून करतात आणि किंमतही वरची असते. तुम्हाला हवं ते नाव ‘दाब्रुत्सो’ने संपतं.

बार्बेरा उत्तरेकडच्या पिएमोंतेची, आंबटसर आणि कमी तुरट. नेरो दाव्होला सिसिली बेटावरची. प्रिमितिव्हो दक्षिणेतल्या पुल्याची, पिकल्या फळासारखी, अल्कोहोल बहुधा चढं. अमेरिकेत ज्याला झिनफांडेल म्हणतात ते हेच द्राक्ष, हे डीएनए तपासणीतून सिद्ध झालं आहे. यातलं जे समोर असेल ते घ्या.

लेबलवर डी.ओ.सी. किंवा डी.ओ.सी.जी. अशी अक्षरं दिसतील. त्यांचा अर्थ इतकाच की ठरावीक प्रदेश, ठरावीक द्राक्ष आणि ठरावीक पद्धत पाळली आहे. आपल्याकडे मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, त्याच जातीची गोष्ट. शिक्का दिसला म्हणून चव लागेलच असं नाही.

लेबलापेक्षा बाटली कुठे उभी होती ते बघा. काचेच्या दर्शनी कपाटात, दुपारचं ऊन येतं तिथे, धूळ खात असलेली बाटली कितीही सवलतीत मिळाली तरी घेऊ नका. मी सरळ विचारतो, ‘‘मालक, आतली आहे का, एसीतली?’’ माझ्या नेहमीच्या दुकानातला पोरगा आता मला बघितलं की स्वतःच म्हणतो, ‘‘आतलीच आणतो की ओ, बसा.’’ बाटली हातात आली की तीन गोष्टी पाहा. बूच तोंडाशी सपाट आहे का? वेष्टणाखाली फुगवटा किंवा चिकटपणा आहे का? वाईनची पातळी मानेत आहे, की खांद्यापर्यंत उतरली? लेबलवरचं साल गेल्या तीन-चार वर्षांतलं असावं. या दराच्या वाईनला जुनेपणाची शान नसते. फिरकीचं झाकण दिसलं तर नाक मुरडू नका. आपल्या हवेत मला तेच जास्त भरवशाचं वाटतं.

कायद्याचं दोन वाक्यांत: महाराष्ट्रात दारू घ्यायला-बाळगायला परवाना लागतो, दुकानात एका दिवसाचाही मिळतो, आणि वयाचा पुरावा मागितला तर निमूट दाखवा. आषाढी, २ ऑक्टोबर आणि मतदानाच्या दिवसांत दुकानं बंद असतात, तेव्हा पाहुणे येणार असतील तर आधी सोय करा.

दुकान ते घर

हे छोटं प्रकरण आहे, पण इथेच बऱ्याच बाटल्या मरतात. मे महिन्यात दुपारी वाईन आणायला जाऊ नका. स्कूटीच्या डिकीत बाटली टाकून भाजी घेतली, पोराला शिकवणीहून आणलं, रसाच्या गाड्यावर थांबलो, की तासाभरात आतली वाईन चहासारखी होते. दिवेलागणीनंतर जा, सरळ घरी या.

घरात ठेवायची जागा म्हणजे फ्रिज. पुस्तकी नियम म्हणतो की लाल वाईन फ्रिजमध्ये साठवू नये. तो नियम लिहिणाऱ्याच्या घराखाली दगडी तळघर असतं. आपल्याकडे मार्च ते जून भाजीचा खालचा कप्पाच तळघर. तिथे आडवी ठेवा, महिना-दोन महिन्यांत संपवा. कपाटावर, फ्रिजच्या डोक्यावर किंवा गॅसच्या शेजारी कधीही नाही. डिसेंबर-जानेवारीत, हुरड्याच्या दिवसांत, खाटेखाली फरशीवर ठेवली तरी चालते.

थंड करणं

‘लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हे वाक्य विसरा. ते युरोपातल्या जाड दगडी भिंतींच्या घरांबद्दल आहे, जिथे खोली १६ ते १८ अंशांवर असायची. आपल्या खोलीत मे महिन्यात रात्री दहा वाजता पंखा गरम वारा फेकतो. अशा वाईनमध्ये अल्कोहोल नाकात घुसतं, फळ हरवतं, आणि मग माणूस म्हणतो की मला वाईन आवडत नाही. तो वाईन प्यायलेलाच नसतो, काढा प्यायलेला असतो.

पाहिजे ते तापमान १५-१६ अंशांच्या आसपास. थर्मामीटर नको, हात पुरे: बाटली माठातल्या पाण्यापेक्षा गार लागावी, फ्रिजच्या पाण्याइतकी गार लागू नये. उन्हाळ्यात बाहेर राहिलेली बाटली फ्रिजमध्ये दीड-दोन तास. थंडीत अर्धा-पाऊण तास. फ्रिजमध्येच असलेली बाटली जेवणाच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, उन्हाळ्यात पंधरा मिनिटंही खूप झाली.

घाई असेल तर बादलीत निम्मं पाणी, निम्मा बर्फ, वर मूठभर मीठ, आणि बाटली मानेपर्यंत बुडवा. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात रोवू नका. पाणी बाटलीला सगळीकडून भिडतं, बर्फाचे खडे नुसते टेकतात. फ्रीझरमध्ये टाकून विसरण्याचा उद्योग मी दोनदा केला आहे, तिसऱ्यांदा करणार नाही.

आणि वीज गेली तर? त्याचं उत्तर सोलापूरच्या मागावरच विणलेलं आहे. आपला जाड सोलापुरी टॉवेल पाण्यात भिजवून पिळा, बाटलीला दोन फेऱ्या गुंडाळा, गच्चीच्या दारात वाऱ्याला उभी करा. आपला उन्हाळा कोरडा, त्यामुळे पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना बाटलीतली उष्णता घेऊन जातं. माठ गार राहतो तो याच तत्त्वावर. फ्रिजइतकी गार होणार नाही, पण पिण्याजोगी होईल. कोकणातल्या दमट हवेत हा प्रयोग फसतो, तेवढा एक मान आपल्या रखरखाटाला द्यायला हरकत नाही.

उघडणं, ओतणं

बुचासाठी ओपनर घ्या, शे-दोनशेचा पुरतो. मळसूत्र बुचाच्या मधोमध टेकवून सरळ फिरवा, शेवटचा वेढा बाहेर राहू द्या, मग सावकाश वर ओढा. बूच तुटून आत पडलं तर जीव जात नाही, चहाच्या गाळणीतून गाळा. चमच्याच्या दांड्याने बूच आत ढकलण्याचा प्रकार मात्र पांढऱ्या शर्टवर करू नका.

उघडल्यावर वास घ्या. ओल्या गोणपाटासारखा किंवा भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बूच बिघडलेलं आहे, ते हवेवर ठेवूनही जात नाही. व्हिनेगरसारखा झणका आला तर ती कामातून गेली. नुकत्या ओढलेल्या काडीसारखा वास असेल तर घाबरू नका, जगमध्ये ओतून पंधरा मिनिटं ठेवा, बहुतेक वेळा निघून जातो.

ग्लास काचेचा असावा, इतकंच. स्टीलच्या पेल्यात वासही कळत नाही, रंगही नाही. तोंडाशी किंचित निमुळता असेल तर बरं. एक तृतीयांशच भरा, वरची मोकळी जागा वासासाठी आहे. सोलापुरात आणखी एक कारण: भरलेला ग्लास दहा मिनिटांत कोमट होतो. थोडी ओता, बाटली परत फ्रिजमध्ये, पुन्हा थोडी ओता. ७५० मिलीच्या बाटलीत असे पाच-सहा ग्लास निघतात. साधारण साडेबारा ते चौदा टक्के अल्कोहोल असतं, साध्या बियरच्या दुपटीहून जास्त. दोघांनी मिळून एका बैठकीत संपवायची शर्यत नाही. औषधं चालू असतील किंवा घरात कुणी गरोदर असेल तर तो ग्लास रिकामाच राहू द्या. आणि घरच्या मोठ्यांना ‘द्राक्षाचा रस आहे’ असं सांगून फसवू नका. दारू आहे, तसं सांगा. ते नाही म्हणाले तर नाही.

पहिला घोट

पहिल्यांदा पिणाऱ्याची तक्रार ठरलेली: गोड का नाही? द्राक्षाची आहे म्हटल्यावर आपल्याला द्राक्ष आठवतं, आणि सोलापूर जिल्ह्याला द्राक्ष शिकवायला कुणी इटलीहून यायची गरज नाही. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका ही जात इथेच निवडून वाढवली. पण ती खायची द्राक्षं: पातळ सालीची, बिनबियांची, गोड. वाईनची द्राक्षं लहान, जाड सालीची आणि बियांची असतात. लाल वाईन करताना रस सालीसकट आंबवतात, त्यातून रंग येतो आणि टॅनिन, म्हणजे तुरटपणा. साखर यीस्ट खाऊन टाकतं, तिचं अल्कोहोल होतं. म्हणून गोडी उरत नाही.

हा तुरटपणा कसा ओळखायचा? डाळिंब सोलून खाताना दाण्यांबरोबर मधला पिवळा पापुद्रा दाताखाली येतो, आणि जीभ टाळूला खरखरीत घासते. तेच. आंबटपणा वेगळा, त्याने तोंडाला पाणी सुटतं. घोट तोंडात दोन सेकंद फिरवा आणि एवढंच बघा: तोंड कोरडं पडलं की पाणी सुटलं? क्यांतीत दोन्ही होतं. बार्बेरात पाणीच जास्त. ‘चेरी, तंबाखू, जुनं चामडं’ वगैरे वर्णनं वाचून आपल्या जिभेला दोष देऊ नका. मला नेरो दाव्होलात काळ्या मनुका लागतात, बायकोला जांभूळ. दोघंही जेवतो.

ताटात काय

इथे थांबून बोलायला हवं, कारण इटलीची साधी लाल वाईन नुसती पिण्यासाठी केलेलीच नसते. ती जेवणाची आहे. जेवणाशिवाय ती आंबट-तुरट लागते आणि माणूस साखर शोधायला लागतो.

आणि आपलं जेवण तिखट. एकदा आमचे दाजी आले होते. मी सावजी पद्धतीचं मटण आणलं, वर तर्री बोटभर, आणि मोठ्या ऐटीत क्यांती ओतली. पहिल्या घासावर पहिला घोट घेतला आणि दाजींच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ‘‘मेहुणे, हे विझवायला दिलंय का पेटवायला?’’ प्रश्न रास्त होता. अल्कोहोलमुळे मिरचीची आग वाढते, आणि आग लागलेल्या जिभेवर टॅनिन कडू लागतं. जितकी वाईन तुरट आणि कडक, तितकं हे भांडण मोठं. काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्श्याबरोबर ही वाईन पिऊ नका. ताक प्या.

मग काय खायचं? टॅनिनला स्निग्धपणा, प्रथिनं आणि मीठ लागतं. तोंडात ते लाळेतल्या प्रथिनांना धरतं म्हणून कोरडं वाटतं. त्याला ताटातलंच काही दिलं की तुमच्या जिभेला सोडतं. आणि स्निग्ध, खारट, भरपूर प्रथिनांची अशी वस्तू आपल्या घरी बारा महिने बरणीत असते. उखळात कुटून तेल सुटलेली शेंगा चटणी. नुसती नाही, तिच्यात तिखट असतंच. दोन चमचे चटणी घट्ट दह्यात कालवा, चिमूटभर मीठ, आणि कडक भाकरीचा तुकडा मोडून त्यावर घ्या. भाकरीचा कुरकुरीत कडा, मग दही, मग शेंगदाण्याचं तेल जिभेवर पसरतं, तिखट सर्वांत शेवटी आणि हळू येतं. त्या क्षणी गार मोंतेपुल्चानोचा घोट घ्या. मघाशी घासणारा तुरटपणा नाहीसा होतो आणि मागे नुसतं काळं फळ उरतं. पाहुण्यांना मी आधी नुसता घोट देतो, मग ही भाकरी, मग पुन्हा घोट. न सांगता भुवया वर जातात.

दुसरं, वांग्याचं भरीत. जाळावर भाजलेलं, मिरची एखादीच, वर कच्च्या तेलाची धार. धुराचा वास आणि नेरो दाव्होला यांचं जमतं. टोमॅटोचं काहीही असेल तर क्यांती किंवा बार्बेरा, कारण टोमॅटोच्या आंबटपणापुढे आंबट वाईनच टिकते, मऊ वाईन बेचव लागते. त्यांच्याकडे टोमॅटोच्या पास्त्याबरोबर हेच चालतं, आपल्याकडे टोमॅटोची भाजी आणि लोणी लावलेलं धपाटं. मटण हवंच असेल तर सुकं करा, तिखट निम्मं, मीठ आणि खोबरं हात मोकळा सोडून. शिक कबाब उत्तम, सोबतची हिरवी चटणी बाजूला ठेवा. शेंगापोळी आणि हुग्गी मात्र नको. गोडापुढे ही वाईन बिचारी लिंबासारखी आंबट होते.

हुरडा? प्रयत्न केला. कोवळा हुरडा इतका नाजूक गोड असतो की वाईन त्याच्यावर बुटासकट उभी राहते. हुरड्याला दही आणि गूळच बरा.

उरली तर

बूच उलटं न करता तसंच दाबा, बाटली उभी, फ्रिजमध्ये. तीन-चार दिवस नीट राहते, दुसऱ्या दिवशी कधीकधी जास्त बरी लागते. निम्मी उरली असेल तर छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, कारण वाईनला हवा मारते. बाटली कोरडी आणि बिनवासाची हवी. सरबताच्या बाटलीत ओतून मी एकदा वाळ्याची क्यांती तयार केली होती. आठवडा झाला तर पिऊ नका, अर्धी वाटी मटण परतताना घाला आणि अल्कोहोलचा वास जाईपर्यंत आटवा.

अकलूजची बाटली

दोन-तीन इटालियन झाल्या की एक गंमत करा. आपल्याच जिल्ह्यात अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रातेल्लीची वायनरी आहे. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ: इटलीचे सेक्की बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू यांनी मिळून ती उभी केली, आणि वाईन करायला टस्कनीचे पिएरो मासी आले. क्यांतीतलं सांजोवेजे द्राक्ष माळशिरस तालुक्याच्या मातीत लावलं आहे. सीमाशुल्क नाही म्हणून किंमतही बरीच कमी. एक क्यांती, एक अकलूजचं सांजोवेजे, दोन्ही एकाच वेळी गार करा, वर्तमानपत्रात गुंडाळा, शेंगा चटणीचं दही करा आणि कुणाला तरी ओळखायला लावा.

आम्ही दाजींना लावलं. दोन घोट, एक भाकरीचा तुकडा, पुन्हा दोन घोट. मग उजवीकडच्या ग्लासावर बोट ठेवून म्हणाले, ‘‘ही इटलीची.’’ बरोबर होतं. मी चाट पडलो, विचारलं कशावरून.

‘‘कोमट हाय,’’ दाजी म्हणाले. ‘‘महागाची बाटली तुम्ही जपून जपून उशिराच फ्रिजात टाकता की ओ.’’